सांगावे काय, राखावे काय?

(उंबरमाळी येथील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या कार्यकर्त्यांनी आम्हाला नव्या काळातील एखाद्या विषयावर दोन शब्द बोलण्यास सांगितले, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. आम्ही बँकेत कारकुनी करणारे. शिक्षण कला शाखेचे. विद्वत्तेचा दावा आम्ही करणार नाही. परंतु दिवसभर काउंटरच्या आत बसून लोकांच्या घरातल्या गोष्टी ज्यांच्या कानावर पडतात, त्यांना एका विषयावर बोलण्याचा थोडाफार अधिकार पोहोचतो. तो विषय असा की, आपल्या खाजगी आयुष्यातले मोबाईलवरून जगाला किती सांगावे आणि किती आपल्यापाशी राखावे.

पूर्वी गावात चावडी होती, पाणवठा होता, सकाळच्या लोकलचा डबा होता. तिथे माणसे एकमेकांना घरचे सांगत. ऐकणारे कोण, हे सांगणाऱ्याला दिसत असे. पहाटे जात्यावर बसलेली बाई आपले दुःख ओवीत गात असे, तेव्हा जात्याच्या दुसऱ्या बाजूला कोण बसले आहे हे तिला ठाऊक असे. आज व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर किंवा फेसबुकवर आपण जे टाकतो, ते शेवटी कोणाकोणाकडे पोहोचेल, हे टाकणाऱ्याला कधीच कळत नाही. सगळा फरक इथे पडला आहे.

आपल्या गावाचेच उदाहरण घ्या. जुलै २०२१ मध्ये अतिवृष्टी झाली, उंबरमाळी स्थानकात रुळांवर पाणी भरले, आणि फलाटाला टेकलेल्या त्या पाण्याची चित्रफीत हजारो लोकांनी पाहिली. कसाऱ्याच्या पुढे-मागे कधी न आलेल्या माणसालाही त्या दिवशी उंबरमाळी हे नाव कळले. ती चित्रफीत पाहून प्रवासाला निघालेली माणसे घरी थांबली असतील. ती सार्वजनिक गोष्ट होती, सांगणे योग्यच होते. परंतु त्याच मोबाईलवरून मुलीच्या लग्नाची बोलणी, सुनेचे आजारपण, भावाभावांतला जमिनीचा वाद आणि मयताच्या चेहऱ्याचा फोटोही जातो. यंत्राला दोन्ही सारखेच. फरक माणसाने करायचा असतो.

या प्रश्नाला दोन उत्तरे नेहमी दिली जातात. वडीलधारी मंडळी म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची, घरातले घरात राहू द्यावे. तरुण मंडळी म्हणतात, आम्ही काही वाईट केलेले नाही, मग लपवायचे कशाला? आमच्या मते ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, आणि हे समजून घेण्यासाठी आपल्याला दूर जाण्याची गरज नाही. स्वतःचे आयुष्य चारचौघांत किती उघडे करावे, याचा जितका गंभीर विचार मराठी भाषेत आपल्या लेखकांनी केला, तितका क्वचितच कोणी केला असेल.

प्रथम बाबासाहेबांचे उदाहरण घेऊ. त्यांनी स्वतःच्या आयुष्यातील काही आठवणी स्वतःच्या हाताने लिहून ठेवल्या होत्या. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या १९९० साली पुस्तिकेच्या रूपात प्रसिद्ध केल्या. त्यात १९०१ सालचा प्रसंग आहे. वडील कोरेगावला रोखपाल होते. त्यांना भेटायला मुले नवे कपडे घालून आगगाडीने निघाली आणि मसूर स्थानकावर उतरली. जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला, बैलगाडी मिळेना, आणि पुढे रात्रभर मुलांना कोणी पाणी दिले नाही. त्यानंतर बडोद्याला राहायला जागा न मिळाल्याचा प्रसंग आहे, १९२९ सालचा चाळीसगावच्या टांग्याचा आहे, १९३४ सालचा दौलताबादच्या किल्ल्यावरील हौदाचा आहे.

आता या आठवणींत काय आहे आणि काय नाही, हे पाहावे. पाणी, वाहन आणि निवारा यांबाबत झालेला अन्याय तेवढा आहे. संसारातील गोष्टी, घरातील दुःखे, आप्तांचे गुणदोष यांना तिथे जागा दिलेली नाही. अस्पृश्यता म्हणजे काय हे परक्या देशातील माणसाला कळावे, एवढ्या एका हेतूसाठी त्यांनी स्वतःच्या आयुष्यातून नेमके तेवढेच बाहेर काढले. आणि त्या हेतूला जिथे दुसऱ्याचा अनुभव उपयोगी पडला, तिथे त्यांनी दुसऱ्याचा अनुभव दिला. काठेवाडातील एका शिक्षकाची हकीगत त्यात आहे. बाळंतपणानंतर त्याची पत्नी आजारी पडली. डॉक्टर तिला शिवेना. थर्मामीटर त्याने दुसऱ्याच्या हातून दिले, आणि ती बाई गेली. नवऱ्याने हे पत्र लिहून 'यंग इंडिया'कडे पाठवले आणि १२ डिसेंबर १९२९ च्या अंकात ते छापून आले. विचार करा, पत्नीच्या बाळंतपणाइतकी खाजगी गोष्ट दुसरी कोणती? तरी त्या माणसाने ती जगाला सांगितली, आणि योग्यच केले. कारण ती झाकून ठेवली असती तर अब्रू वाचली असती ती डॉक्टरची. म्हणून घरातले घरात ठेवावे हा नियम सरसकट लावता येत नाही. अन्याय झालेल्या माणसाचे गप्प बसणे अन्याय करणाराच्या पथ्यावर पडते.

त्यानंतर १९७८ साली ग्रंथालीने दया पवारांचे 'बलुतं' प्रसिद्ध केले. दया पवार घाटापलीकडच्या अकोले तालुक्यातले, म्हणजे तसे आपले शेजारीच. त्या पुस्तकात दगडू पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो, अशी मांडणी आहे. सांगणारा आणि ऐकणारा एकच माणूस. परंतु सांगण्याआधी त्याने स्वतःला समोर बसवून विचारले. पुस्तकाचे मोठे कौतुक झाले, आणि आपल्याच समाजातील काही शिकल्या-सवरल्या मंडळींना ते रुचलेही नाही. नोकरी लागली, शहरात घर झाले, आता ही जुनी घाण कशाला उपसायची, असा त्यांचा सवाल होता. त्यानंतर 'आठवणींचे पक्षी', 'उपरा', 'अक्करमाशी' अशी पुस्तके आली. 'अक्करमाशी'मध्ये शरणकुमार लिंबाळे यांनी १९८४ साली स्वतःच्या जन्माची कथा मांडली, आणि आईच्या आयुष्याला हात लावल्याशिवाय ती मांडता येणारच नव्हती. म्हणजे स्वतःचे सांगताना दुसऱ्याचेही सांगितले जाते, हा पेच या लेखकांना टळला नाही. तो त्यांनी ओझ्यासारखा वाहिला. वर्षानुवर्षे मनात घोळवून मग त्यांनी लिहिले.

आम्हाला सर्वांत जास्त शिकवून जाते ते बेबीताई कांबळे यांचे उदाहरण. फलटणला त्या लहानसे दुकान चालवीत. दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून, कित्येक वर्षे त्या लिहीत राहिल्या. ते लेखन आधी 'स्त्री' मासिकात आले आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' या नावाने पुस्तक झाले. नावातच पाहा, 'माझं' नव्हे, 'आमुचं'. वस्तीचे जिणे, बायकांची उपासमार, सासुरवास, बाबासाहेबांच्या शब्दाने उठलेला समाज, हे सगळे त्यात आहे. त्यांच्या स्वतःच्या संसाराबद्दल मात्र त्यात फारच थोडे आहे. पुढे माया पंडित यांनी त्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला, तो २००८ साली निघाला. त्यासोबत बेबीताईंची मुलाखत छापली आहे. विचारल्यावर तिथे त्या नवऱ्याचा संशय आणि मारहाण यांबद्दल बोलल्या. याचा अर्थ, त्यांना ते सांगायची लाज वाटत होती असे नाही. कोणत्या पुस्तकात काय यावे, कोणत्या वेळी काय सांगावे आणि कोणाला सांगावे, हे त्या बाईने स्वतः ठरवले. ठरवण्याचा हा हक्क म्हणजेच खाजगीपणा, असे आम्ही समजतो. खाजगी म्हणजे लपवलेले नव्हे. खाजगी म्हणजे ज्याचा निर्णय ज्याच्या त्याच्या हातात आहे ते.

बंधू-भगिनींनो, या मंडळींच्या अनुभवावरून आम्ही तीन प्रश्न काढले आहेत. मोबाईलवर काही टाकण्यापूर्वी ते स्वतःला विचारावेत. पहिला, ही गोष्ट कोणाची आहे? माझी एकट्याची, की तिच्यात दुसऱ्याचा वाटा आहे? दुसरा, ही सांगून कोणाचे भले होणार आहे? तिसरा, उद्या मला किंवा त्या माणसाला ती परत घ्यावीशी वाटली तर घेता येईल काय? पुस्तकाच्या लेखकाला पुढच्या आवृत्तीत एखादे पान गाळता तरी येते. मोबाईलवरचा फोटो आपण आपल्याकडून पुसला, तरी ज्यांनी तो आधीच उतरवून घेतला त्यांच्याकडून पुसता येत नाही.

आता थोडे आमच्या धंद्यातले सांगतो. १९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि त्यासंबंधीच्या १९७० च्या कायद्यात कलम १३ आहे. त्यानुसार या बँकांत कामावर रुजू होण्यापूर्वी प्रत्येक कर्मचाऱ्याला निष्ठा व गोपनीयतेची प्रतिज्ञा लिहून द्यावी लागते. कोणाच्या खात्यात किती आहे, कोणाचे सोने गहाण पडले, कोणाचा हप्ता थकला, हे कारकुनाला दिसते. परंतु ते त्याचे नसते. बाहेर पानाच्या टपरीवर त्याने ते बोलायचे नसते. आमचे म्हणणे एवढेच आहे की, आज प्रत्येक माणसाच्या खिशात दहा-वीस घरांची गुपिते पडलेली आहेत. बँकेने कारकुनाकडून जी प्रतिज्ञा लिहून घेतली, ती प्रत्येक मोबाईलवाल्याने मनातल्या मनात घ्यायला हवी.

आणि स्वतःचे सांगतानाही हिशेब ठेवावा. वाढदिवसाच्या फोटोवरून जन्मतारीख कळते. मामाच्या अभिनंदनावरून आईचे माहेरचे आडनाव कळते. नोकरीचे नियुक्तिपत्र आनंदाने स्टेटसला लावले की पत्ता कळतो, कधी आधार क्रमांकही कळतो. सहलीचे फोटो त्याच दिवशी टाकले की घराला कुलूप आहे हे कळते. यातली एकेक गोष्ट क्षुल्लक असते. परंतु फसवणूक करणारा माणूस या चार क्षुल्लक गोष्टी एकत्र करतो आणि फोनवर अशा सराईतपणे बोलतो की, हा बँकेतूनच बोलतो आहे अशी समोरच्याची खात्री पटते. मग ओटीपी मागतो. कोणतीही बँक फोनवर ओटीपी किंवा पिन विचारत नाही, हे आम्ही इथे पुन्हा सांगतो. आणि कोणी फसलाच, तर लाजेने गप्प न बसता लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत कळवले तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता असते. इथेही तेच सूत्र लागू होते. जन्मतारीख राखावी, झालेली फसवणूक मात्र सांगावी.

खरी काळजी आम्हाला वाटते ती दुसऱ्याच्या आयुष्याची. वधू-वर परिचयपत्रे पाहा. मुलीचा फोटो, जन्मवेळ, उंची, पगार, वडिलांचा मोबाईल क्रमांक, सगळे एका कागदावर. पूर्वी तो कागद मध्यस्थाच्या पिशवीत असे. आता तो या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतो, आणि मुलीचे लग्न होऊन तिला मूल झाले तरी फिरतच राहतो. लहान मुलांचेही तसेच. आज आपण कौतुकाने टाकलेला उघड्या अंगाचा फोटो उद्या कॉलेजात त्याच्यासमोर कोणी धरला, तर त्याला काय वाटेल? त्याला तर विचारलेलेच नव्हते.

आपला तालुका धरणांचा. तानसा १८९२ साली बांधून झाले. मोडकसागर आणि भातसाही आपल्याच मुलखात. मुंबईला पाणी इथून जाते आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवरच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात. त्यांचे फोटो दरवर्षी सगळीकडे झळकतात. ती टंचाई जगाला दिसलीच पाहिजे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु विहिरीत उतरलेल्या त्या बाईचा पदर सावरलेला आहे की नाही, तिला हा फोटो चालेल की नाही, हे विचारायला किती वेळ लागतो? कोरडी विहीर दाखवूनही टंचाई दाखवता येते. तिचा चेहरा दाखवायचा की नाही, हे तिने सांगावे.

काही जण म्हणतील, गरिबाला कसला आला आहे खाजगीपणा! त्यांना कायद्याने उत्तर दिले आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने निर्णय दिला की, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे आणि तो संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कात सामावलेला आहे. हा हक्क बंगल्यात राहणाऱ्याला जितका आहे, तितकाच पाड्यावरच्या झोपडीत राहणाऱ्याला आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई नुसार एखाद्याच्या शरीराच्या खाजगी भागांचे चित्र त्याच्या संमतीवाचून काढणे किंवा प्रसिद्ध करणे हा गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. बलात्कारासारख्या अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे हाही गुन्हा आहे. तिला न्याय मिळावा म्हणून तिचा फोटो पुढे पाठवणाऱ्या भावनाशील तरुणांनी हे विशेष लक्षात ठेवावे. अन्याय सांगावा, घटना सांगावी, पोलिसांवर दबाव आणावा. नाव आणि चेहरा मात्र राखावा.

आमच्या बोलण्याचा कोणी उलटा अर्थ घेऊ नये म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. घरात मार खाणाऱ्या सुनेला, हुंड्यासाठी छळल्या जाणाऱ्या लेकीला, कोणी वाईट हात लावलेल्या मुलाला, घरातले बाहेर बोलू नको असे सांगणारे लोक अजून आहेत. आम्ही त्यांच्या बाजूचे नाही. तिने सांगावे, मोठ्याने सांगावे. पोलिसांना ११२ वर सांगावे, मुलांनी १०९८ वर सांगावे, वकिलाला सांगावे, मंडळाच्या महिला कार्यकर्त्यांना सांगावे. आणि सगळे दरवाजे बंद झाले व तिने जगापुढे मांडायचे ठरवले, तर तो तिचा अधिकार आहे. आपण तिला दूषण देऊ नये. फक्त तिच्या वतीने, तिला न विचारता, दुसऱ्या कोणी ते ठरवू नये.

भगवान बुद्धांनी सम्यक वाचेचा उपदेश केला तो आपण जाणतोच. मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्तात त्याचा खुलासा आढळतो. बोलणे खरे असावे, हिताचे असावे, आणि असे असूनही ते बोलण्याची योग्य वेळ पाहावी, असा त्याचा आशय आहे. म्हणजे गोष्ट खरी आहे एवढे कारण ती सांगायला पुरेसे नाही. आपण मोबाईलवर बहुधा पहिल्याच पायरीवर थांबतो. खरे आहे ना, मग पाठव पुढे! हिताचे काय आणि वेळेचे काय, हे पाहण्याआधी बोट पडलेले असते.

शेवटी, नुसते भाषण करून उपयोग नाही, म्हणून मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली सूचना मदतवाटपाची. वह्या, दप्तरे, धान्य, औषधे देताना घेणाऱ्याचा चेहरा दिसेल असा फोटो काढू नये, आणि काढला तर बाहेर टाकू नये. देणगीदारांना हिशेब हवा असतो, तो पावत्यांनी आणि आकड्यांनी द्यावा. वही घेताना मान खाली घातलेले मूल उद्या याच मंडळाचा पदाधिकारी होणार आहे. ज्या समाजाने हात पसरून बलुते मागण्याचा अपमान पिढ्यानपिढ्या सोसला, त्याने आपल्याच लेकरांना हात पसरलेल्या स्थितीत जगाला दाखवू नये. दुसरी सूचना वधू-वर माहितीची. ती मंडळाच्या वहीत असावी, विचारणाऱ्या कुटुंबाला खात्री करून द्यावी, आणि लग्न जमले की खोडावी. तिसरी सूचना मंडळाच्या ग्रुपची. कोणाचे आजारपण, भांडण, नापास होणे, घटस्फोट यांची बातमी त्या घराने होकार दिल्याखेरीज ग्रुपवर येऊ नये. रक्ताची गरज असेल तर रक्तगट आणि रुग्णालय सांगावे. रोग सांगण्याची गरज नाही.

या तीन गोष्टींना एक पैसाही खर्च येत नाही. मंडळाच्या पुढच्या बैठकीत ठराव म्हणून त्या मांडाव्यात, त्यांवर वाद व्हावा, पटतील त्या स्वीकाराव्यात आणि नोंदवहीत लिहून ठेवाव्यात, अशी आमची विनंती आहे. आपल्या माणसांनी आपली कहाणी सांगण्याचा हक्क मोठ्या कष्टाने मिळवला. ती न सांगण्याचा हक्कही त्याच माणसांचा आहे, एवढे आपण एकमेकांसाठी सांभाळले तरी पुष्कळ झाले.

 

जयभीम! नमो बुद्धाय! जय भारत!